देवी पात्रातच बसेल

जत्रा हलवल्याचं सरलाबाईंना कुणी सांगितलं नाही. त्यांनी ते फ्लेक्सवर वाचलं. सकाळी देवळाचं दार उघडून त्या अंगण झाडत होत्या, तेव्हा समोरच्या खांबाला दोन पोरं फ्लेक्स बांधत होती. फ्लेक्सवर हात जोडलेले नाना, त्यांच्या शेजारी गॉगल लावलेला त्यांचा पुतण्या स्वप्निल, आणि खालच्या कोपऱ्यात बोटभर देवी. 'थडीआईची भव्य जत्रा, पौष पौर्णिमा. यंदा नवीन जागेत, सेनगाव रोड.'

सरलाबाईंनी झाडू हातात तसाच धरून ते पुन्हा वाचलं.

थडीआई नदीची देवी. वर्षभर ती थडीवर, म्हणजे काठावरच्या या लहानशा देवळात असे. पण पौषात पाणी ओसरून एका कडेला गेलं, पात्र उघडं पडलं, की तिचा पितळी मुखवटा पालखीतून खाली न्यायचा आणि पात्राच्या मधोमध वरून सपाट असलेला काळा खडक होता, त्यावर बसवायचा. मग तीन दिवस तिच्याभोवती वाळूत जत्रा. साखऱ्याची माणसं एका थडीनं उतरत, गोरेगावकडची दुसऱ्या. घोंगड्या, बांगड्या, विळे-खुरपी, गोडीशेवेचे ढीग. पात्रात कुणाचा सातबारा नव्हता. जो आधी येऊन दगड मांडेल त्याची जागा. कापडाच्या बड्या दुकानदाराशेजारी खुरपीवाला बसे, आणि कुणी कुणाला ऊठ म्हणत नसे.

दुपारी नाना स्वतःच आले. जत्रा कमिटीचे अध्यक्ष, आणि सरलाबाईंच्या नवऱ्याचे लहानपणापासूनचे दोस्त. नवरा गेल्यापासून देवळाची रोजची पूजा सरलाबाईच करत. रोज काही कुणी बघायला येत नसे, म्हणून त्याला कुणाची हरकतही नव्हती. जत्रेपुरता मुलगा अद्वैत हिंगोलीहून यायचा, सोवळं नेसायचा, पालखीपुढं चालायचा.

"वहिनी, चहा टाका," नाना ओसरीवर टेकत म्हणाले. "फ्लेक्स पाह्यला असंल."

"पाहिला. देवी सापडायला वेळ लागला."

नाना हसले. "मस्करी नका करू. यंदा पालखी वर न्यायची. रोडला लागून माझं वावर हाये, तिथं शेड मारलं, लाईट घेतली, बायांसाठी संडास बांधले. पात्रात किती तकलीफ होते, तुम्हाला सांगायला पाह्यजे का? मागल्या साली त्या लेकराचा पाय मोडला."

"खड्ड्यात पडून मोडला, नाना. खड्डा कुणी पाडला होता?"

नानांनी चहाची बशी तोंडाला लावली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"पोरं धंदा करतेत," ते शेवटी म्हणाले. "वाळू काय, दरसाल येती वाहून. अद्वैतशी माझं बोलणं झालं. तो तयार हाये. उद्घाटनाला मोठे पाहुणे येऊन राहिलेत, तेव्हा आठ वाजता पालखी शेडात पाह्यजे."

"आणि पात्रात?"

"पात्रात काय? पात्र पात्राच्या जागी."

नाना गेल्यावर सरलाबाईंनी देवळाला कडी लावली आणि त्या थडी उतरल्या. गुडघा कुरकुरत होता, म्हणून दिवाळीनंतर त्या खाली गेल्याच नव्हत्या. नेहमीच्या पायवाटेशेजारी थड कापून रुंद उतार केला होता. त्यावरून ट्रॅक्टरच्या चाकांचे चर थेट पात्रात गेले होते. खाली त्यांनी पाहिलं आणि त्यांचे पायच थबकले. एका थडीपासून पात्र खरवडत आणलं होतं. जागोजाग खड्डे, खड्ड्यांत साचलेलं हिरवं पाणी, आणि शेवटचा खड्डा देवीच्या खडकापासून चार हातांवर. खडकाच्या पलीकडं मात्र वाळू अजून तशीच होती, स्वच्छ, वाऱ्यानं लाटा उठलेली.

आता त्यांना सगळं उमगलं. जत्रा होती म्हणून पौषापर्यंत ही बाजू शिल्लक राहत होती. देवीच वर गेली तर खडक तरी कशाला राहील?

झिऱ्यावर शकुबाई पाणी भरत होती. वाळूत हातभर उकरलं की पाणी लागायचं, तो झिरा. आता ती त्यात कमरेइतकी उतरून वाटीवाटीनं भरत होती. शकुबाई साखऱ्याची. नवरा ग्यानबा आणि ती कोरडवाहू तूर-सोयाबीन करत, आणि जत्रेत गोडीशेवेची कढई लावत.

"काहून आल्या काकू खाली?" तिनं विचारलं. "गुडघा दुखंल."

"दुखू दे. तुमची कढई कुठं लागणार यंदा?"

"कुठं म्हंजे? नानानं जागा वाटून देल्या ना. मोठ्या दुकानाईले म्होरं, मले संडासामागं." शकुबाईनं घागर कडेवर घेतली. "लोकं नाकाले पदर लावून माह्या शेवेपाशी येतीन, अन् मी म्हनंन, घ्या, गरम हाये."

"मग खाली लावा ना, दरसालसारखी."

"देवी वर अन् मी खाली? गिऱ्हाईक कोनापाशी येईन, काकू?" शकुबाई रागानं नव्हती बोलत, सरळ विचारत होती. "देवी जिथं तिथं जत्रा. तुमी तिले खाली आना, मी कढई घेऊन उभीच हाये."

सरलाबाई थडी चढेपर्यंत तेच वाक्य घोळवत होत्या.

जत्रेच्या आदल्या दिवशी अद्वैत आणि त्याची बायको संपदा हिंगोलीहून आले. अद्वैत एका कार्यालयात कारकून, संपदा शाळेत इतिहास शिकवायची. संपदा ओसरीवर बसून मुखवटा चिंचेनं घासू लागली, सरलाबाई शेजारी वाती वळत होत्या. नव्या शेडातल्या भोंग्याची चाचणी चालली होती, "हॅलो, हॅलो, चेक."

"आई, मागच्या महिन्यात मुलांना एक गंमत सांगितली मी," संपदा म्हणाली. "लंडनला नदी आहे ना, थेम्स. पूर्वी तिथं हिवाळा एवढा कडक पडायचा, की कधीकधी नदी वरून गोठून जायची. दगडासारखी. मग लोक त्या बर्फावर जत्रा भरवायचे. दुकानं, खेळ, चक्क चुली पेटवून मांस भाजायचे. एकानं तर छापखाना नेऊन ठेवला होता, जत्रेत आल्याची आठवण म्हणून लोकांना नाव छापून द्यायचा."

सरलाबाईंचा हात थांबला. "बर्फावर चूल?"

"हो ना! मुलं म्हणाली, मॅडम, आमच्याकडं पण नदीत जत्रा भरते, पण वाळूवर."

"बरोबर म्हणाली. मग आता भरते का ती?"

"नाही. दोनशे वर्षं झाली बंद पडून. जुना पूल काढला, काठ बांधून काढले, नदी अरुंद झाली, पाणी जोरात वाहायला लागलं. थंडीही पहिल्यासारखी राहिली नाही. बर्फच धरेना."

"म्हणजे कुणी बंद नाही पाडली."

"बर्फच नाही म्हटल्यावर कुणी पाडायची गरजच नव्हती."

सरलाबाईंनी वातींचं ताट बाजूला सरकवलं. "त्यांचा बर्फ गेला, त्यांचा नाइलाज झाला. आपली वाळू अजून आहे. अद्वैत!"

अद्वैत आतून मोबाइल बघत आला.

"उद्या देवी पात्रात बसेल."

"आई, नानांशी बोलणं झालंय माझं."

"माझ्याशी झालं नव्हतं."

"अगं, तिथं संडास आहेत, लाईट आहे. तूच म्हणायचीस ना, बायकांचे किती हाल होतात?"

"म्हणायचे. अजूनही म्हणते. ते संडास थडीवर बांधता आले असते. रोडलाच बांधायला देवीनं सांगितलं होतं?"

अद्वैतनं आवाज खाली आणला. "कमिटी आपल्याकडून पूजा काढून घेईल. या घराला लागून देऊळ आहे, आणि घरसुद्धा देवळाचंच आहे. चार पिढ्यांचं आहे हे. तीन दिवसांसाठी कशाला वाकडं घ्यायचं?"

"तू जाऊन बघितलंस का पात्र?"

"नाही."

"मग झोप आता," सरलाबाई म्हणाल्या आणि वाती वळायला लागल्या. अद्वैत संपदाकडं पाहत राहिला. ती मान खाली घालून मुखवट्याचं नाक घासत होती, पण हसू लपत नव्हतं.

पुनवेच्या सकाळी गारठा असा होता, की तोंडातून वाफ निघत होती. अद्वैत आंघोळीला गेला तसा सरलाबाईंनी मुखवटा शालूत गुंडाळला, कडेवर घेतला आणि देवळाच्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. पालखी अंगणात सजवून ठेवली होती, झेंडूच्या माळा घातलेली. तिच्याकडं त्यांनी पाहिलंही नाही. पालखी उचलायला चार माणसं लागतात, आणि त्यांच्यापाशी एकही नव्हतं.

मुखवटा जड होता. थडी उतरताना गुडघा दोनदा दगा देऊ लागला, दोन्ही वेळा त्या बाभळीला धरून उभ्या राहिल्या. वाळू थंडगार होती, तळपाय बधिर झाले. खडकापाशी पोहोचल्यावर त्यांनी पदरानं खडक पुसला, शालू उलगडला आणि देवी बसवली. हळद-कुंकू वाहिलं, दोन झेंडू ठेवले. मग स्वतः खडकाला टेकून वाळूतच बसल्या. छाती भात्यासारखी चालली होती. आपण एवढ्या वयात हे काय केलं, असं त्यांच्या मनात एकदाच येऊन गेलं. पण मग त्यांनी खड्ड्याकडं पाहिलं आणि ते निघून गेलं.

उतारावरून ट्रॅक्टर घरघरत आला. स्वप्निल स्वतः चालवत होता. सगळं गाव वर शेडात असणार, तेवढ्यात दोन फेऱ्या काढू, असा त्याचा हिशेब असावा. खडकाशेजारी लुगडं दिसल्यावर त्यानं हॉर्न वाजवला. लुगडं हललं नाही. त्यानं पुन्हा वाजवला, मग इंजिन बंद करून खाली उतरला, आणि खडकावर देवी पाहून त्याचा हात आपसूक चपलेकडं गेला.

"काकू, इथं काय करून राहिल्या?"

"जत्रेला आले."

"जत्रा वर हाये!"

"देवी तर इथं आहे."

"उठा काकू, वाट सोडा. मला भरून जायचंय."

"भर की," सरलाबाई म्हणाल्या. "आधी मला भर, मग देवीला भर, मग वाळू भर. बघ, तुझ्या ट्रॉलीत मावतं का सगळं."

स्वप्निल चप्पल हातात घेऊन तसाच उभा राहिला. मग लांब जाऊन त्यानं फोन लावला.

फोन नानांना लागला, पण नानांच्या शेजारी शेडात माणसं होती, आणि नाना बोलले ते मोठ्यानं. "काय? पात्रात? देवी?" एवढं ऐकायला गर्दीला पुरेसं होतं. संडासामागं चूल पेटवत असलेल्या शकुबाईपर्यंत ते पोहोचलं. तिनं पेटत्या चुलीवर घागर पालथी केली. "उठा वं," ती ग्यानबाला म्हणाली. "कढई घ्या."

"अन् नाना?"

"नानाले काय तळायचं हाये का? घ्या म्हनते ना!"

ग्यानबानं कढई डोक्यावर पालथी घातली आणि दोघं रस्त्यावरून नदीकडं चालू लागली. त्यांच्यामागं बांगड्यांची पेटी घेऊन जिवनबाई निघाली. खुरपीवाला हरिचंद निघाला. तो तांड्यावरून आला होता, आणि त्याला तर जागाच दिली नव्हती. मग कुणी मोजलं नाही. भोंग्यावर नाना सांगत होते, "कृपया कुणीही जागा सोडू नये, पाहुणे निघालेले आहेत." आकाशपाळणा हलला नाही, मोठी कापडवाली दुकानं हलली नाहीत, पण बायका हलल्या, आणि त्यांच्या बोटांना धरून लेकरं.

सरलाबाईंना आधी नुसता कल्ला ऐकू आला. मग थडीवर डोक्यांची रांग दिसली, आणि सगळ्यांच्या पुढं डोक्यावर कढई घातलेला ग्यानबा. त्यांना हसूही आलं आणि डोळ्यांत पाणीही.

शकुबाईनं खडकापासून दहा पावलांवर दगड मांडला. "ही माही जागा," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "कोनाले काही बोलायचं हाये का?"

कुणालाच नव्हतं.

नाना आले ते अद्वैतला बरोबर घेऊन. नवा कोरा फेटा, त्याखाली घामानं डबडबलेलं तोंड. थंडीतही त्यांना घाम फुटला होता.

"वहिनी, सगळ्या जिल्ह्यात माझं हसं होईल. पाहुणे अर्ध्या वाटेवर हायेत. बिना देवीचा मांडव दाखवू का त्यांना?"

"त्यांना खाली आणा. नदी काही फक्त आपली नाही."

"गाडी उतरत नाही इथं!"

"ट्रॅक्टर उतरतात," सरलाबाई म्हणाल्या. आसपासचे हसले.

नानांचा चेहरा बदलला. "ठीक हाये. मंग ऐका. आजपासून देवळाची पूजा तुमच्याकडं राहणार न्हाई. कमिटी ठरवील तो पुजारी. दोस्ताची बायको म्हणून आजवर गप होतो. बाईमाणसानं मुखवट्याला हात लावायचा रिवाज न्हाई, हे तुम्हालाबी माहीत हाये."

"चार वर्षं रोज हात लावतेय, नाना. आंघोळ मी घालते, नैवेद्य मी दाखवते. तेव्हा रिवाज कुठं गेला होता? तेव्हा तुम्ही कुणी आला नाहीत, आज वाळू अडली तेव्हा आलात." त्यांनी खडकावर हात ठेवला. "पूजा काढायची तर काढा. मी इथून उठणार नाही. देवी पात्रातच बसेल."

नाना अद्वैतकडं वळले. "बाबा, समजाव आईला. तू शिकलेला हायेस."

अद्वैत खड्ड्याच्या काठाशी उभा होता आणि खाली पाहत होता. खड्डा दोन पुरुष खोल असेल. काठावरची वाळू त्याच्या पायाशी हळूहळू सुटून आत पडत होती, आणि तिथून आई बसली होती ती जागा अगदी हाताला लागेल एवढी जवळ होती. तो मागं सरकला. त्यानं सदरा काढला, खांद्यावरचं उपरणं कमरेला गुंडाळलं आणि खडकापाशी येऊन मांडी घातली.

"संपदा," त्यानं हाक मारली, "तबक आण."

संपदा तबक घेऊन आलीच होती. आरती सुरू झाली. नाना आरती संपेपर्यंत हात जोडून उभे राहिले, देवीकडं पाठ फिरवायची त्यांचीही छाती झाली नाही. मग वर गेले.

त्या वर्षी जत्रा दोन ठिकाणी भरली. पाहुण्यांनी रोडवर भाषण केलं, पाळणा तिथं फिरला, गाणी तिथं वाजली. पण नारळ खाली फुटले, आणि शकुबाईची शेव दुसऱ्याच दिवशी संपली, तिला पुन्हा पीठ आणावं लागलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी देवी वर न्यायची होती. सरलाबाई, अद्वैत आणि मागं बायकांचा घोळका, असे सगळे मुखवटा घेऊन देवळापाशी आले तर दाराला नवं कुलूप. कमिटीनं लावलेलं. दारापुढं उत्तमसिंग, देवळाचा राखणदार, मान खाली घालून बसला होता. "मला माफ करा बाई," तो म्हणाला, "मला सांगितलं तेवढं केलं."

बायकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं फोडा, कुणी म्हणालं पोलिसांत जा. अद्वैतनं कपाळावर हात मारला. सरलाबाईंनी कुलपाला हात लावून पाहिला, कापड बघावं तसा, आणि त्या वळल्या.

"कुठं निघालीस?" अद्वैतनं विचारलं.

"खाली. तिला घर नाही म्हणतात, तर ती तिथंच राहील."

आणि देवी तिथंच राहिली. हरिचंदनं बांबू आणले, ग्यानबानं कडब्याच्या पेंढ्यांचं छप्पर घातलं. साखऱ्याच्या आणि गावाच्या बायका पाळीपाळीनं येऊन बसू लागल्या, शेंगा सोलत, गोधड्या शिवत, भांडत आणि हसत. मांडव खडकाशी, आणि खडकापुढंच उतार संपत होता. ट्रॅक्टरला पुढं जायला वाट उरली नाही. स्वप्निल दोनदा आला, दोनदा चप्पल हातात घेऊन परत गेला. अद्वैत दर रविवारी हिंगोलीहून येऊन अभिषेक करू लागला. संपदा एकदा शाळेची मुलं घेऊन आली, तेव्हा त्यांनी खड्डे दोरीनं मोजले आणि तहसीलला अर्ज पाठवला. तिथून माणसं येऊन बघून गेली, पण बाकी काही झालं नाही. बायका मात्र हलल्या नाहीत.

गुढीपाडव्याच्या आधी नाना एकटेच खाली आले. गाडी वर ठेवून, पायवाटेनं. फेटा नव्हता. मांडवात येऊन त्यांनी देवीला नमस्कार केला आणि कुलपाची चावी सरलाबाईंपुढं ठेवली.

"वहिनी, देऊळ रिकामं पाहवत न्हाई लोकांना. मला घरात जेवू देईनात. न्या देवीला वर. पूजा तुमचीच."

सरलाबाईंनी चावी उचलली नाही. "पूजा माझीच होती, नाना. ती तुम्ही दिली नव्हती आणि नेलीही नाही. खड्ड्यांचं काय?"

"खड्ड्यांचं... पुरात भरतेत की."

"पुराची वाट मी बघणार नाही. लेकरं पडतात. थड कापून उतार केलात, ती माती तिथंच पडली आहे. ती आणून टाका. उतार बंद करा. मग देवी वर जाईल, पुढच्या पौषापर्यंत."

"तुमी लई हट्टी झाल्या, वहिनी."

"झाले," सरलाबाई म्हणाल्या. "उशीरच झाला जरा."

मांडवात बसलेली शकुबाई खदखदून हसली. नाना चावी उचलून घेऊन गेले, आणि सरलाबाईंना वाटलं, आता हे काही परत येत नाहीत.

पण दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत थडीची काळी माती भरलेली. स्वप्निलनं पहिल्या खड्ड्यापाशी ट्रॉली उलटी लावली आणि फुरंगटलेल्या तोंडानं लीव्हर ओढला. बायका मांडवातून बाहेर आल्या आणि उभ्या राहून बघू लागल्या.

सरलाबाई पदर कमरेला खोचून खड्ड्याच्या काठाशी गेल्या. थोडी माती आत पडली, बरीच बाहेर सांडली.

"तिथं नको," त्यांनी हाताच्या इशाऱ्यानं दाखवलं. "मागं घे. अजून. आता टाक. आणि सावकाश टाक रे, सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ चालली आहे!"